१९४८ साली ब्रिटिश लोकांना एनएचएस खरंच हवी होती का?

वैदेही_लेस्टर (धागाकर्ती)

५ जुलै, एनएचएस (नॅशनल हेल्थ सर्व्हिस, इथली सरकारी आरोग्यसेवा) सुरू झाली तो दिवस, जवळ आला की इथे ब्रिटनमध्ये टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत एक ठरलेली गोष्ट सांगतात. महायुद्धाने पोळलेल्या जनतेने एकमुखाने सरकारी आरोग्यसेवा मागितली, त्यासाठी चर्चिलला घरी बसवलं आणि मजूर पक्षाचा आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन याने १९४८ साली ती देऊन टाकली. सध्या मी त्या काळातल्या लोकमताविषयी मिळेल ते वाचते आहे आणि मला ही गोष्ट अर्धीच खरी वाटते. लोकांना हवी होती ती डॉक्टरच्या बिलाच्या धास्तीतून सुटका. ती कोण देणार, रुग्णालयं सरकारजमा होणार का, डॉक्टर पगारी होणार का, याचा विचार बहुतेकांनी केलेलाच नव्हता. एनएचएसवरचं प्रेम नंतर आलं, वापरल्यावर आलं. यावर इथल्या जाणत्यांशी बोलायचंय म्हणून हा धागा.

आधी युद्धापूर्वीचं चित्र थोडक्यात. १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला 'पॅनेल'वरचा, म्हणजे विमा योजनेच्या यादीतला, डॉक्टर मिळाला होता, पण फक्त कामगाराला. त्याची बायको, पोरं, म्हातारे आईवडील सगळे बाहेर. तीस वर्षांनीसुद्धा जेमतेम निम्मी लोकसंख्या त्यात होती. रुग्णालयं दोन तऱ्हेची. एक धर्मादाय, जी देणग्यांवर आणि पगारातून दर आठवड्याला काही पेन्स कापून घेणाऱ्या वर्गणी योजनांवर चालायची. तिथे 'अल्मोनर' म्हणून एक बाई टेबलामागे बसलेली असे. नवरा किती कमावतो, भाडं किती, कमावती मुलं किती, हे सगळं विचारून तुम्ही किती द्यायचं ते ती ठरवायची. दुसरी नगरपालिकांची. त्यांतली कित्येक जुन्या 'वर्कहाउस'च्या इमारतींत होती. निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायच्या त्या जागा. म्हातारी माणसं म्हणायची, मरेन पण तिथे जाणार नाही.

आता आकडे. डिसेंबर १९४२ मध्ये सामाजिक सुरक्षेवरचा बेव्हरिज अहवाल आला. ऐन युद्धात, आणि सरकारी प्रकाशनाच्या दुकानापुढे तो घ्यायला रांग! मतचाचण्या घेणाऱ्या गॅलपच्या ब्रिटिश शाखेने लगेच पाहणी केली तर ९५ टक्के लोकांनी अहवालाबद्दल ऐकलेलं होतं आणि ८६ टक्के म्हणाले, अमलात आणा. हा आकडा सगळे देतात. पण त्या अहवालात पेन्शन होती, बेकारी भत्ता होता, मुलांसाठी भत्ता होता. आरोग्यसेवा हा त्यातला एक भाग. १९४४ साली सरकारने आरोग्यसेवेची श्वेतपत्रिका काढली आणि लोकांना नेमकं त्याबद्दल विचारलं, तेव्हा निम्म्यांहून थोडेच जास्त लोक सरकारी सेवेच्या बाजूने होते. जवळजवळ एक तृतीयांश म्हणाले, आहे ते ठीक आहे. आणि १९४५ च्या निवडणुकीत मतदाराच्या मनात पहिला प्रश्न होता घरांचा. बॉम्बने घरं पडली होती, सैनिक परत येत होते, राहायचं कुठे?

तेव्हा, एकमुखी मागणी कुठे होती?

---

जुना_वाचक

वैदेहीताई, धागा आवडला. पण एक तृतीयांश लोक 'आहे ते ठीक' म्हणाले एवढ्यावरून मागणी नव्हती असं म्हणणं घाईचं होतंय. युद्धाने लोकांना एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवून दिली होती, तिचा उल्लेख तुमच्या पोस्टमध्ये हवा होता.

हवाई हल्ल्यांत लाखो जखमी होतील या धास्तीने सरकारने युद्धाच्या तोंडावर 'इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस' उभी केली. धर्मादाय असो की नगरपालिकेचं, रुग्णालयातल्या खाटा सरकारने ताब्यात घेतल्या, वर खर्चही दिला. लंडनचे पाचरीसारखे विभाग पाडले. प्रत्येक विभागाच्या टोकाला शहरातलं एक मोठं शिकवणारं रुग्णालय आणि तिथून बाहेर गावांपर्यंत सगळी लहानमोठी रुग्णालयं त्याला जोडलेली. त्यामुळे झालं काय, की लंडनच्या नामांकित रुग्णालयातले बडे सर्जन पहिल्यांदाच उपनगरांतल्या जुन्या वर्कहाउसच्या वॉर्डांत गेले. एका खोलीत खाटांच्या रांगा, धड ऑपरेशन थिएटर नाही, एक्स-रे नाही. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. युद्ध चालू असतानाच सरकारने देशभरच्या रुग्णालयांची पाहणी करून घेतली, तिच्यातही हेच निघालं.

सुरुवातीला ही सोय बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्यांसाठी होती. मग सैनिक आले, युद्धकारखान्यातले कामगार आले, शहरातून खेड्यात पाठवलेली मुलं आली. यादी वाढतच गेली. ज्याच्यावर मोफत उपचार झाले तो युद्ध संपल्यावर अल्मोनरच्या टेबलासमोर परत कशाला उभा राहील? पाहणीतल्या टक्क्यांत हे दिसत नाही, पण लोकमत हेही असतं.

---

टेंभुर्णी_एक्सप्रेस

चांगली माहिती. माझा सरळ प्रश्न आहे, राग मानू नका. फुकट मिळणार म्हटल्यावर कोण नको म्हणेल? मग त्याला लोकमत काय म्हणायचं? आणि पैसा कुठून आणला? युद्धाने तर ब्रिटन कर्जात बुडाला होता. माझ्या वाचनात असंही आलंय की लोकांनी नुसती झुंबड केली, चष्मे काय, दात काय, केसांचे टोप काय. हे खरं का?

---

वैदेही_लेस्टर

@टेंभुर्णी_एक्सप्रेस, राग कशाचा? हाच प्रश्न १९४९ साली तिथल्या संसदेत रोज विचारला जात होता.

झुंबड झाली हे खरं. पहिल्याच वर्षी ८० लाखांहून जास्त लोकांनी दातांचे उपचार घेतले आणि ५० लाखांहून जास्त चष्मे दिले गेले. औषधाच्या चिठ्ठ्या महिन्याला ७० लाखांच्या आसपास होत्या, त्या काही महिन्यांत १ कोटी ३० लाखांच्या पुढे गेल्या. खुद्द बेव्हन म्हणाला की ब्रिटिशांच्या घशाखाली औषधांचा जो अखंड धबधबा चाललाय त्याच्या विचाराने अंगावर काटा येतो. खर्चाचा अंदाज पार कोलमडला.

पण ही माणसं कोण होती ते बघा. त्याआधी चष्मा हवा असेल तर गरीब माणूस वुलवर्थच्या दुकानात जायचा. काउंटरवर चष्मे मांडलेले असत, सहा पेन्सला एक. एकेक डोळ्याला लावून बघायचा, ज्यातून बरं दिसेल तो घेऊन घरी. नंबर तपासणं वगैरे काही नाही. वर्षानुवर्षं अशा चष्म्यावर शिवणकाम केलेल्या बाईने १९४८ मध्ये डोळे तपासून घेतले तर ती चैन कशी? तो साठलेला आजार होता, तुंबलेला. तो वाहून गेल्यावर चष्म्यांची आणि कवळ्यांची मागणी खाली आलीच.

टोपांची आणि परदेशी लोकांची ओरडही तेव्हाचीच. जहाजातून उतरून खलाशी फुकट चष्मे नेतात असं वर्तमानपत्रं लिहीत होती. बेव्हनचं उत्तर मला फार आवडतं. परदेशी माणूस वेगळा काढायचा तर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या माणसालाही, ओळख पटवायला लावावी लागेल. सगळ्यांना त्रास देऊन वाचणार किती? तरी १९४९ च्या दुरुस्तीत परदेशी लोकांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने घेऊन ठेवलाच.

आणि 'फुकट' म्हणाल तर, १९४८ मध्ये घरोघर जे पत्रक वाटलं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, मूल, कुणीही ही सेवा वापरू शकतं. पण हा धर्मादाय नाही, तुम्ही सगळे मुख्यतः करातून याचे पैसे देत आहात, आणि आजारपणातली पैशाची काळजी यामुळे मिटेल. धर्मादाय नाही, हे पत्रकात मुद्दाम लिहावं लागलं यातच सगळं आलं. अल्मोनरच्या टेबलासमोर उभं राहिलेल्यालाच ते वाक्य कळणार.

---

रेवा

इतका वेळ सगळे 'लोक' म्हणताहेत. मला यातल्या बायकांबद्दल बोलायचंय, कारण मला वाटतं १९४८ चं खरं लोकमत त्यांच्यात होतं आणि ते कुणी मोजलं नाही.

पॅनेल फक्त कमावत्या माणसाला. म्हणजे नवरा आजारी पडला तर डॉक्टर. मूल आजारी पडलं तर डबीतले पैसे मोजून डॉक्टर. स्वतः आई आजारी पडली तर काही नाही, आपोआप बरं होईल म्हणून दिवस काढायचे. युद्धाच्या थोडं आधी तिथे कामगारवर्गातल्या साडेबाराशे विवाहित बायकांची पाहणी झाली होती. पंडुरोग, पाठदुखी, सडलेले दात, सुजलेल्या शिरा, आणि हे सगळं अंगावर काढत घरकाम चालूच. बऱ्याच जणींना आपण आजारी आहोत असंही वाटत नव्हतं. बायकांचं असंच असतं, ही समजूत.

एनएचएस सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांसमोर ज्या बायका आल्या त्यांचं वर्णन अनेक डॉक्टरांनी नंतर केलं आहे. बाळंतपणानंतर अंग बाहेर आलेलं, आणि तसंच कापडाने बांधून दहा-दहा, वीस-वीस वर्षं काढलेली. मोठमोठे हर्निया. वाढलेला गलगंड. हे आजार त्या जुलैत झाले नव्हते. दाखवायला पहिल्यांदा जागा मिळाली होती.

माझी आजी अशीच होती. कोकणातल्या गावात, अंग बाहेर आलेलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा घरच्यांना कळलं. म्हणून मला हे वाचताना तो दूरचा देश वाटत नाही.

---

अपर्णा_कार्डिफ

+१ रेवा. फार महत्त्वाचं लिहिलंस.

मी वेल्समध्ये नर्स आहे, वयस्कर रुग्णांच्या वॉर्डात. युद्धाआधी जन्मलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, पण ती बोलायला लागली की ऐकत राहावं. एका आजीबाईंनी सांगितलेलं लिहिते. त्यांच्या गल्लीत दर शुक्रवारी, पगाराच्या दिवशी, डॉक्टरचा वसुलीवाला यायचा. हातात वही. मागच्या हिवाळ्यातल्या न्यूमोनियाचे पैसे आठवड्याला थोडे थोडे फेडायचे. तो वळणावर दिसला की आई मुलांना दाराआड गप्प बसवायची. १९४८ नंतर तो माणूस यायचा बंद झाला. एनएचएस म्हटलं की त्यांना ना बेव्हन आठवतो ना कायदा, हा न आलेला माणूस आठवतो.

दुसरी एक गोष्ट इथे सर्रास ऐकायला मिळते. मुलगी लग्नाची झाली की सगळे दात काढून कवळी बसवून द्यायची, म्हणजे पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको. तरुण मुली, बत्तीसच्या बत्तीस दात. आधी मला खोटं वाटलं होतं, पण इतक्या जणींकडून ऐकलंय.

वैदेही, तुझ्या मुद्द्याला मात्र माझा थोडा विरोध आहे. वेल्समध्ये तरी मागणी आधीपासून होती, कारण नमुना समोर होता. ट्रेडेगार या खाणगावात कामगारांची मेडिकल एड सोसायटी होती. पगारातून पौंडामागे तीन पेन्स वर्गणी, आणि त्यात डॉक्टर, औषधं, दात, चष्मा, रुग्णालय सगळं. खाणकामगार आणि पोलादकामगारच नव्हे, जवळजवळ अख्खं गाव त्यात होतं. बेव्हन त्याच गावचा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला, आणि पुढे त्या सोसायटीच्या रुग्णालय समितीवर काम केलेला. आपण सगळ्या ब्रिटनला ट्रेडेगारसारखं करणार आहोत, असं तो उघड म्हणायचा. त्यामुळे इथल्या माणसाला 'राष्ट्रीय आरोग्यसेवा म्हणजे काय' हे समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या आईबापांनी ती चालवली होती.

---

वैदेही_लेस्टर

अपर्णा, ट्रेडेगारचा मुद्दा मोलाचा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो असं मला वाटतं. जिथे लोकांनी अशी सेवा वापरली होती तिथे ती हवीशी होती. लंडनच्या उपनगरातल्या कारकुनाला ते माहीत नव्हतं, म्हणून त्याचं मत 'ठीक आहे, बघू'. अनुभव आधी, मत नंतर.

एक गुंतागुंत मात्र आहे. वर्गणीवाल्या योजनांत देशभर सुमारे एक कोटी लोक होते. हे 'आमचं' रुग्णालय, आमच्या पैशावर चालतं, असं त्यांना मनापासून वाटायचं. बेव्हनने सगळी रुग्णालयं एका फटक्यात सरकारकडे घेतली, एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये २,६८८. मंत्रिमंडळातच हर्बर्ट मॉरिसनने त्याला विरोध केला होता, नगरपालिकांकडची रुग्णालयं काढून घेऊ नका म्हणून. ट्रेडेगारची सोसायटीसुद्धा त्यात संपलीच. तेव्हा काही गावांत दुःखही झालं आणि ते खोटं नव्हतं.

---

डॉ_सुहास

डॉक्टरांची बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. त्यांच्या बाजूने म्हणून नाही, तर लोकमत समजायला ती लागते म्हणून.

फेब्रुवारी १९४८, म्हणजे सेवा सुरू व्हायला पाच महिने उरलेले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांचं मतदान घेतलं. विरोधात ४० हजारांच्या वर, बाजूने ५ हजारांच्याही खाली. कुठल्याही मंत्र्याचे पाय लटपटावेत असा निकाल. असोसिएशनच्या एका माजी सचिवाने तर त्याआधीच हे पाऊल जर्मनीतल्या नाझी राजवटीसारखं आहे असं लिहिलं होतं. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं तेव्हा!

डॉक्टरांची भीती नेमकी काय होती? एक, आपण सरकारी नोकर होऊ. दोन, दवाखान्याची 'गुडविल' विकण्याचा हक्क जाईल. तिथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, निवृत्त होताना आपली प्रॅक्टिस विकत असे, तीच त्याची म्हातारपणाची पुंजी. हा हक्क गेला, बदल्यात ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई ठेवली. मोठ्या स्पेशालिस्टांना खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा आणि सरकारी रुग्णालयात खाजगी खाटा दिल्या. 'त्यांची तोंडं सोन्याने बंद केली' असं बेव्हन म्हणाल्याचं सांगतात. जीपींना त्याने एप्रिलमध्ये आश्वासन दिलं की पूर्णवेळ पगारी नोकरी त्यांच्यावर लादली जाणार नाही. मे महिन्यात पुन्हा मतदान झालं. विरोधक अजून जास्तच होते, पण फेब्रुवारीतली भिंत पडली होती.

आता माझा मुद्दा. ती भिंत बेव्हनने एकट्याने पाडली नाही. त्याच महिन्यांत लोक फॉर्म भरून आपल्या डॉक्टरकडे नावं नोंदवत होते. डॉक्टरच्या दृष्टीने विचार करा. शेजारच्या गल्लीतला डॉक्टर सेवेत गेला आणि माझे सगळे रुग्ण फॉर्म घेऊन त्याच्याकडे चालले, तर मी तत्त्व धरून बसू किती दिवस? ५ जुलैपर्यंत बहुतेक जीपी आत आले होते. वैदेहीताई, तुम्ही पाहणीतलं मत शोधता आहात. मला वाटतं, तो भरलेला फॉर्म हेच मत होतं. आणि तो सेवा सुरू होण्याआधी भरला होता, वापरल्यावर नाही.

---

वैदेही_लेस्टर

डॉक्टर, हा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे. फॉर्म भरणं म्हणजे पाठिंबा की नुसती खबरदारी, हे सांगणं अवघड. नाव नोंदवलं नाही तर डॉक्टर मिळणार नाही हेही लोकांना माहीत होतं. पण डॉक्टरांवर त्याचा दबाव आला हे निर्विवाद.

माझ्या मते लोकमताचा सगळ्यात भक्कम पुरावा १९५१ नंतरचा आहे. हुजूर पक्षाने १९४६ मध्ये एनएचएसच्या विधेयकाविरुद्ध मतदान केलं होतं. १९५१ मध्ये तोच पक्ष सत्तेवर आला. चर्चिलच पंतप्रधान. तेव्हा साखर आणि मांस अजून रेशनवर, तिजोरीत खडखडाट, कोरियाचं युद्ध चालू. सेवा मोडायला निमित्तं हवी तेवढी होती. त्यांनी काय केलं? १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग आणि दातांच्या उपचाराला एक पौंडापर्यंत शुल्क लावलं. बस. आणि चष्म्या-कवळ्यांना अर्धी किंमत लावायचं काम आधीच्या मजूर सरकारनेच केलं होतं, ज्याच्या निषेधार्थ एप्रिल १९५१ मध्ये बेव्हनने राजीनामा दिला. मग हुजूर सरकारने उधळपट्टी शोधायला गिलेबो समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने खर्च वाढला नव्हता, उलट १९४९-५० मधल्या पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीनवर आला होता. रुग्णालयांच्या इमारतींवर जास्त खर्च करा, असं उलट समितीनेच सुचवलं. त्यानंतर सेवा बंद करा म्हणायची हिंमत कुठल्या मोठ्या पक्षाने केली नाही. हे पाच-सात वर्षांत घडलं, आणि मी म्हणते ते प्रेम याच वर्षांत तयार झालं.

---

निवृत्त_जीपी

उशिरा आलो. पुष्कळ वाचलं, समाधान वाटलं. एक बाजू राहिली आहे ती लिहितो.

लोकांना सेवा आवडली, पण ती चालवायला माणसं कुठून आणली? १९६१ मध्येच लॉर्ड कोहेन यांनी उमरावांच्या सभागृहात सांगितलं होतं की भारत-पाकिस्तानसारख्या देशांतून तरुण डॉक्टर आले नसते तर ही सेवा कोसळली असती. मी त्यानंतर काही वर्षांनी आलो. तेव्हा मुंबई विद्यापीठाची एमबीबीएस इथे थेट चालायची; १९७५ मध्ये ते बंद झालं. आम्हाला मिळायच्या त्या जागा इथल्या डॉक्टरांना नको असलेल्या. वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, आणि खाणगावांतले दवाखाने. मोठ्या शहरातल्या सर्जरीच्या मुलाखतीला बोलावणंही यायचं नाही. एका रुग्णालयात तर माझं आडनाव वाचूनच अर्ज बाजूला ठेवल्याचं तिथल्या कारकुनाने मला सांगितलं. मी वेल्सच्या एका खोऱ्यात गेलो आणि तिथेच राहिलो. आजूबाजूच्या खोऱ्यांतही आपलीच मंडळी होती. नागपूरचे, हैदराबादचे, लाहोरचे, कलकत्त्याचे.

छातीत कोळशाची धूळ बसलेले खाणकामगार दम खात चढ चढून यायचे. सुरुवातीला माझ्या रंगाकडे बघायचे, हे खरं. पण त्यांच्या पिढीला डॉक्टर दारात उभा करायला काय पडायचं ते आठवत होतं. माझ्या खोलीत टेबलावर पैशाचा व्यवहारच नव्हता. बारा शिलिंग खिशात आहेत की नाहीत याचा विचार न करता माणूस मनातलं सांगायला बसायचा. भारतात मी वर्षभर खाजगी दवाखान्यात उमेदवारी केली होती. तिथे रुग्ण आधी माझ्या चेहऱ्याकडे बघून किती होतील याचा अंदाज घ्यायचा आणि अर्धी लक्षणं सांगायचीच नाहीत. मला विचाराल तर १९४८ ने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधून पैसा उचलून बाजूला ठेवला, आणि लोकांचं मत तिथे बदललं. ते कुठल्याही पाहणीवाल्याने दारात येऊन विचारलं असतं तर माझ्या रुग्णांना शब्दात सांगता आलं नसतं.

---

टेंभुर्णी_एक्सप्रेस

काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मग आजचं काय? माझा भाचा बर्मिंगहॅमला आहे. गुडघ्यासाठी वर्षाच्या वर नंबर लागत नाही म्हणतो, जीपीची वेळ मिळवायला सकाळी आठला फोन धरून बसावं लागतं. हेच का ते प्रेम?

---

अपर्णा_कार्डिफ

तुमच्या भाच्याचं खरं आहे. वॉर्डात आम्हीही तेच बघतो. स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये तासन् तास पडलेली म्हातारी माणसं बघून मला रात्री झोप येत नाही.

ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स ही पाहणी १९८३ पासून होते. २०१० मध्ये ७० टक्के लोक एनएचएसवर समाधानी होते. २०२३ मध्ये २४ टक्के, आणि २०२४ मध्ये २१, तोपर्यंतचा नीचांक. पण त्याच पाहणीत विचारलं की उपचाराच्या वेळी पैसे घेऊ नयेत हे तत्त्व ठेवायचं का, तर दहातले जवळजवळ नऊ जण हो म्हणतात. लोक चिडलेत ते सेवा मिळत नाही म्हणून. बिल परत आणा असं माझ्या वॉर्डात मला एकाही रुग्णाने म्हटलेलं नाही. आणि इथे वेल्समध्ये तर २००७ पासून औषधाच्या चिठ्ठीलाही पैसे नाहीत, इंग्लंडमध्ये आहेत.

---

कृष्णाकाठ

सगळं वाचून काढलं. आता आपल्या इकडचं थोडं, कारण संबंध सरळ आहे.

बेव्हरिजचा अहवाल आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४३ ला, भारत सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात. १९४६ ला अहवाल आला. ज्या वर्षी तिकडे एनएचएसचा कायदा झाला त्याच वर्षी. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचाराविना राहू नये, हे तत्त्व भोर समितीने स्वच्छ लिहिलं आहे. तातडीची सोय म्हणून ४० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि लांबचा पल्ला म्हणून खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत खाटांची अख्खी साखळी.

कागद दोन्हीकडे होता. तिकडे दोन वर्षांत अंमल झाला, इकडे प्राथमिक केंद्रं आली पण खाटांची साखळी कागदावरच राहिली. वैदेहीताईंचं म्हणणं लावून बघितलं तर मला कारण दिसतं. आपल्याकडे लोकांना ती सेवा कधी पूर्ण वापरायलाच मिळाली नाही, तर ती टिकवा म्हणून भांडणार कोण? आमच्या तालुक्यात अजून माणूस म्हणतो, सरकारी दवाखान्यात कशाला, माणूस दगावेल. मग खाजगीत डिपॉझिट भरायला सोनं गहाण. माझ्या चुलत्यांचं असंच झालं, एका खाजगी रुग्णालयात. ट्रॅक्टर विकला.

ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे नाहीत. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत तेव्हापासून गर्दी वाढलेली दिसते. बायका जास्त, हे रेवाताईंना सांगावंसं वाटतं. औषधं मात्र बऱ्याचदा बाहेरून आणायला सांगतात. हे लोक उद्या या दवाखान्यासाठी बोलतील का, हे मला बघायचं आहे.

---

रेवा

कृष्णाकाठ, गर्दीत बायका जास्त हे वाचून बरं वाटलं. त्या कशासाठी येतात, कुणाशी बोलणं झालं तर लिहाल का?

---

वैदेही_लेस्टर

कृष्णाकाठ, भोर समितीवर वेगळा धागा काढाच. तुमच्या ग्रामीण रुग्णालयाचं जे दिसतं ते त्यात सविस्तर लिहा, औषधांचंही. इथे ते शेवटच्या पानावर हरवून जाईल. निवृत्त_जीपी काकांना विनंती, तुमच्या खोऱ्यातल्या दवाखान्याबद्दल आणि बरोबरच्या मराठी डॉक्टरांबद्दल लिहा. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचं मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही.

डॉ_सुहास, तुमच्या फॉर्मच्या मुद्द्यावर मी अजून अडून आहे. कुठल्या महिन्यात किती लोकांनी नोंदणी केली याचे जिल्हावार तक्ते इथल्या अभिलेखागारात आहेत का ते शोधते. ट्रेडेगारसारख्या गावांत लोकांनी आधी नावं दिली आणि लंडनच्या उपनगरांत शेवटच्या आठवड्यात, असं निघालं तर अपर्णाचं आणि माझं दोघींचंही बरोबर ठरेल. काही हाती लागलं की इथेच लिहिते.